पहिल्या प्रकरणाचा वाचक

मराठी समीक्षकांवर माझा एक जुना राग आहे. ते नवकवितेवर लिहितात, नवकथेवर लिहितात, ज्या कादंबरीची पाचशे प्रतींची आवृत्ती दहा वर्षं पुरते तिच्यावर तर हटकून लिहितात. पण ज्या वाङ्मयावर मध्यमवर्गीय माणूस आपला प्रॉव्हिडंट फंड ओवाळून टाकतो, त्या गाइड-वाङ्मयाकडे एकाही समीक्षकाने आजवर वाकडी मान करून पाहिलेलं नाही. 'नवनीत' घ्या, 'एकवीस अपेक्षित' घ्या. महाराष्ट्राच्या किती पिढ्या या पुस्तकांवर पोसल्या! रात्री उशाशी घेऊन झोपल्या! पण त्यांच्या आशयाबद्दल, अभिव्यक्तीबद्दल, लेखकाच्या जीवनदृष्टीबद्दल कुणी चार ओळी खरडल्या असतील तर शपथ.

तेव्हा हे काम मीच अंगावर घ्यायचं ठरवलं. माझी पात्रता काय, असं तुम्ही विचाराल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली वीसेक वर्षं एका बँकेच्या खिडकीमागे बसतो. साहित्याशी माझा संबंध पासबुकं छापून देण्यापुरता. पण लोक सगळ्यात मन लावून वाचतात ते पासबुकच, आणि शेवटच्या ओळीवर जाऊन सुस्कारा टाकतात. असा वाचक आपल्या कुठल्या कवीला लाभलाय?

निमित्त घडलं ते आमच्या कन्यारत्नामुळे. ती बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एके रात्री जेवताना ताटातली भेंडी बाजूला सारत ती म्हणाली, "बाबा, मी कॅट देणार आहे."

मी आमटीचा भुरका अर्ध्यावर थांबवला. आमची ही मात्र उत्साहाने म्हणाली, "दे की! अहो, तुम्हीसुद्धा दिली होतीत ना?"

"म्हणूनच म्हणतेय," कन्या म्हणाली. "पुस्तकं कुठली घ्यायची ते तू ठरव, बाबा. तुला अनुभव आहे."

आता हा अनुभव काय ते सांगायला हवं. मी नोव्हेंबर २००३ मध्ये कॅट दिली आणि त्या वर्षी पेपर फुटला. ही थाप नव्हे. साऱ्या वर्तमानपत्रांत ती बातमी होती. परीक्षा रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये पुन्हा घेतली गेली. फक्त ही हकीगत सांगताना मी 'पेपर फुटला' या वाक्यावर थांबतो. ऐकणारा 'अरेरे' म्हणतो, माझ्याकडे आदराने बघतो, आणि अहमदाबादच्या आयआयएममधल्या त्या लाल विटांच्या कमानींखाली मी टाय लावून उभा आहे असं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर तरळून जातं. पुढचं वाक्य आजवर कुणी विचारलेलं नाही. या एका वाक्याच्या भांडवलावर मी सासुरवाडीत, बँकेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत वीस वर्षं व्याज खाल्लं आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेत मी विषय काढला मात्र, अख्खी शाखा सल्लागार मंडळ झाली. कॅशियर म्हणाले, "गणिताचं जाडं पुस्तक घ्या." कर्ज विभागातल्या बाई म्हणाल्या, "गणित जमेल हो, इंग्रजीचं घ्या." शिपाई म्हणाला, "साहेब, माझ्या भाच्यानं काही घेतलंच नव्हतं. तो लागला." त्याच्या बोलण्याकडे अर्थातच कुणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी शेजारचे नाना भेटले. ते म्हणाले, "नव्याण्णव पर्सेंटाइल लागतात म्हणे. शंभरातला एकच गुण गमवायचा! अवघड आहे."

नानांचा हा गैरसमज पुष्कळांचा असतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. शंभर जणांच्या रांगेत नव्याण्णव जण तुमच्या मागे असले की तुम्ही नव्याण्णव पर्सेंटाइलवाले. मग प्रत्यक्षात तुम्हाला गुण किती का असेनात. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते आणि वेळ दोन तास. चोवीस प्रश्न इंग्रजीचे, बावीस तक्ते नि तर्काचे, बावीस गणिताचे. प्रत्येक विभागाला मोजून चाळीस मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, म्हणजे एकूण २०४. पर्यायांच्या प्रश्नात चूक झाली की एक गुण वजा. अशा परीक्षेत अलीकडे साधारण निम्मे गुण मिळवणारा नव्याण्णवच्या घरात पोचतो. म्हणजे उरलेले निम्मे त्याने चुकवलेले असतात किंवा सोडलेले असतात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या समीक्षेचा पाया तोच आहे.

रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन अप्पा बळवंत चौकात गेलो. पुण्यात जन्मलेल्या माणसाचं विद्येचं माहेर म्हणजे हा चौक. पहिलीची अंकलिपी घ्यायला इथं यायचं आणि नातवाची घ्यायलाही इथंच यायचं. मी एका दुकानाच्या फळीला रेलून म्हणालो, "कॅटची पुस्तकं दाखवा."

"घेणार आहात की बघणार आहात?" दुकानदाराने विचारलं.

"बघून घेणार आहे."

"मग कुठलं ते सांगा. सगळी खाली काढायला हा काही शालूंचा सेल नाही."

तरी मी दीड तास उभा राहून सगळी बघितली. तीच समीक्षा आता सादर करतो.

पहिला प्रकार वीटग्रंथांचा. यांतला आद्य ग्रंथ म्हणजे आर. एस. अगरवाल यांचं अंकगणित. भारतात बँकेची, रेल्वेची, सरकारी खात्याची परीक्षा दिलेल्या माणसाच्या घरी हे पुस्तक नसेल तर ते शेजाऱ्याने नेलेलं असतं. या ग्रंथातलं विश्व मोठं विलक्षण आहे. इथं एका टाकीला दोन तोट्या. एक भरते, दुसरी रिकामी करते, आणि दुसरी बंद करावी असं घरातल्या एकालाही सुचत नाही. नाविक सदैव प्रवाहाच्या उलट निघालेला असतो. गाड्या मात्र सेकंदावर चालतात, तेवढं कल्पनारम्य सोडलं तर बाकी सारा कठोर वास्तववाद. शेवटाकडे 'बँकर्स डिस्काउंट' नावाचं एक प्रकरण आहे. हुंडी मुदतीआधी वटवली तर बँक व्याज कापते ते आजच्या किमतीवर नव्हे, हुंडीच्या पूर्ण रकमेवर, आणि त्यातला जास्तीचा फायदा आपल्या खिशात घालते. इतकं स्पष्ट आत्मचरित्र बँकेने स्वतःसुद्धा लिहिलेलं नाही.

पुस्तक प्रामाणिक आहे. आधी सोडवलेली उदाहरणं, मग सरावाची, मग उत्तरं. पण त्यातली बहुतेक गणितं सरळ स्वभावाची आहेत. कॅटचं गणित पुणेरी वळणाचं. विचारतं एक आणि त्याच्या मनात असतं भलतंच. म्हणून वीटग्रंथ पायाला घालावा, गच्ची त्याच्या भरवशावर बांधू नये. पायाच पोकळ असेल तर नववी-दहावीची शाळेतली गणिताची पुस्तकं पुन्हा सोडवलेली बरी. ती स्वस्त असतात. स्वस्त आहेत म्हणूनच त्यांना कुणी विचारत नाही.

दुसरा प्रकार शब्दसंपत्तीचा. यात नॉर्मन लुइस यांचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' अग्रगण्य. ते १९४९ साली अमेरिकेत निघालं आणि आपल्याकडच्या पदपथांवर अजून पहिल्या धारेचं म्हणून विकलं जातं. पुस्तक सुरेख आहे. लेखक शेजारी बसून गप्पा मारतोय असं वाटतं. पुण्यात 'इगोइस्ट' आणि 'इगोटिस्ट' यांतला फरक सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. त्याचं कारण पुणेरी स्वभाव हे नव्हे. ते शब्द या पुस्तकाच्या पहिल्याच शब्दपाठात येतात, आणि त्यापुढे फारसं कुणी गेलेलं नाही. आता गंमत अशी की अलीकडच्या कॅटमध्ये शब्दाचा थेट अर्थ विचारतच नाहीत. तिथं उतारे देतात. कधी तत्त्वज्ञान, कधी इतिहास, कधी पर्यावरण. लेखकाला काय म्हणायचंय आणि काय म्हणायचं नाही ते ओळखायचं. त्याला शब्दांच्या याद्या कामाच्या नाहीत. रोज तासभर वाचायची सवय लागते, आणि ती अप्पा बळवंत चौकात सुटी मिळत नाही.

तिसरा प्रकार 'एकात सर्व' ग्रंथांचा. मुखपृष्ठावर कॅट, झॅट, स्नॅप, सीईटी अशी साऱ्या परीक्षांची नावं, लग्नपत्रिकेवर 'आपले विनीत' असतात तशी. या ग्रंथांवर माझा गंभीर वाङ्मयीन आक्षेप आहे. या परीक्षांचे स्वभाव एकमेकींशी मुळीच जमत नाहीत. कॅट चुकीबद्दल दंड करते. महाराष्ट्राच्या सीईटीत दोनशे प्रश्न आणि अडीच तास, पण चुकीला दंड नाही. तिथं एक प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबीला नको म्हणणं. झॅट तर ठरावीक मर्यादेपलीकडे प्रश्न सोडल्याबद्दलही गुण कापते. आमच्याकडे खात्यात किमान शिल्लक नसली की कापायचे, तसं! एका परीक्षेत सोडणं हा गुण, दुसरीत गाढवपणा, तिसरीत गुन्हा. तिघींना एकाच औषधाची बाटली देणारा वैद्य काय म्हणावा?

चौथा प्रकार क्लासच्या साहित्याचा. ते पुस्तक नसतं, पेटी असते. वर यशस्वी मुलांचे फोटो. त्यांतला एक चष्मेवाला मुलगा मला तीन वेगवेगळ्या क्लासांच्या पत्रकांवर आढळला. इतक्या ठिकाणी शिकून तो परीक्षेला वेळेवर पोचला कसा, हेच आश्चर्य. पेटीत चोवीस पुस्तिका असतात. पहिल्या दोन वापरल्या जातात आणि उरलेल्या बावीस पुढच्या वर्षी 'अगदी नव्यासारख्या' म्हणून विकल्या जातात. ती जाहिरात अक्षरशः खरी असते.

इतकी मार्मिक समीक्षा मनातल्या मनात झाल्यावर मी काय करायला हवं होतं? एक पुस्तक उचलून घरी यायला हवं होतं. मी चारही प्रकार घेतले. शब्दांच्या याद्या दोन. कारण त्या क्षणी मला वाटू लागलं, की न घेतलेल्या पुस्तकातच नेमकं ते गणित असलं तर? समीक्षकाचं डोकं आणि बापाचा हात यांचा एकमेकांशी पत्रव्यवहार नसतो. दुकानदाराने पहिल्यांदाच माझ्याकडे बघून स्मित केलं आणि पिशवी फुकट दिली. त्यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला तो जागेचा. ही म्हणाली, "माळ्यावरची रद्दी काढा आणि तिथलं फडताळ रिकामं करा." कन्या स्टुलावर चढली. जुने दिवाळी अंक, तांब्याचा बंब, माझ्या मुंजीतलं पंचपात्र अशी एकेक वस्तू खाली येता येता एक पिवळा पडलेला वीटग्रंथ तिच्या हाताला लागला. माझा, २००३ चा. तिने तो उघडला नाही. मिटलेलाच डोळ्यांसमोर आडवा धरला.

"बाबा, हे बघ."

मी बघितलं. पुस्तकाची कड. सुरुवातीची अर्धं बोट जाडी हात लागून लागून काळी झाली होती, जुन्या वाड्याच्या जिन्याच्या कठड्यासारखी. आणि पुढची सारी कड पांढरीशुभ्र. खाली छापलेलं नव्हतं एवढंच, नाहीतर सारा ताळेबंद तिथंच होता.

"पेपर फुटला म्हणून पुढचं वाचलं नाहीस?"

"हो ना," मी म्हणालो.

तिने खिशातून मोबाइल काढला. ही पिढी बापाच्या शब्दावर विसंबत नाही. "पण पेपर तर फेब्रुवारीत पुन्हा झाला होता. मग?"

वीस वर्षांत कुणी न विचारलेलं ते पुढचं वाक्य स्टुलावर उभं राहून मला विचारलं जात होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. हिने बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न आज चुकवता येण्यासारखा नाही.

तेव्हा पहिल्यांदाच मी ते सांगितलं. त्या वर्षी माझ्याकडे चार पुस्तकं होती. एकात अडलं की मला वाटायचं, पुस्तकच बरोबर नाही. मी दुसरं आणायचो आणि अर्थातच पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायचो. अशा रीतीने 'संख्यापद्धती' हे प्रकरण मी चार लेखकांच्या चार शैलींत वाचलं. अख्ख्या पुणे जिल्ह्यात मूळ संख्यांवर माझ्याइतका व्यासंग कुणाचा नसेल. नोव्हेंबरचा पेपर मला अतिशय वाईट गेला. तो फुटल्याची बातमी आली तेव्हा वडील हळहळले. मी मात्र मनातल्या मनात पेढे वाटले. फेब्रुवारीपर्यंत तीन महिने हातात होते. मी काय केलं असेल? पाचवं पुस्तक आणलं. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी पैसे दिले आणि किंमत विचारली नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी आईने हातावर दही ठेवलं. मी देवाला, आईला, वडिलांना नमस्कार केला, घराबाहेर पडलो आणि सारसबागेत जाऊन बसलो. तळ्यातल्या गणपतीकडे पाठ करून बसलो होतो, एवढं आठवतं. संध्याकाळी घरी येऊन 'ठीक गेला' म्हणालो. पुढे निकालाची वेळ आली तेव्हा 'पेपर फुटल्यामुळे सगळाच घोळ झाला' म्हणालो. वडिलांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं की काय, हे विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायची सोय उरलेली नाही. त्याच वर्षी मी बँकेत चिकटलो. नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज बुडीत खात्याच्या वाटेला लावायचं, हा नियमही आमच्याकडे मार्च २००४ पासूनच लागू झाला. माझी पाच पुस्तकं त्या हिशेबात तेव्हाच जमा झालेली होती.

मला वाटलं, कन्या आता हसेल. ती स्टुलावरून उतरली आणि म्हणाली, "म्हणजे तुला भीती वाटली होती."

"हो."

"मला पण वाटते. म्हणून तर पुस्तकं तू ठरव म्हटलं. तू ठरवत होतास तेवढे आठ दिवस अभ्यास सुरू करावा लागला नाही."

यावर मी काय बोलणार? बापाचा चष्म्याचा नंबर मुलांना लागतो, दाढदुखी लागते, तसंच हेही असणार.

मग आम्ही दोघांनी जमिनीवर बसून निवड केली, आणि ती अर्ध्या तासात झाली. गणिताचा एक ग्रंथ ठेवला. माझाच पिवळा. कारण दोन आणि दोन अजून चारच होतात, आणि त्याची पांढरी कड वापरायची राहिलीच होती. कॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवल्या. त्या फुकट मिळतात. परीक्षा घेणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर सरावाची नमुना परीक्षाही ठेवते, तीही फुकट. रोज एक लांब लेख वाचायचा आणि त्याचा सारांश तीन वाक्यांत आईला सांगायचा, असं ठरलं. हिला तो कळला तर तो खरा सारांश. आणि एक शंभर पानी वही आणली. तिच्यात चुकलेली गणितं लिहायची. का चुकलं ते लिहायचं, आणि मुळात ते हात लावण्याजोगं होतं की सोडण्याजोगं, हेही लिहायचं. नव्या वीटग्रंथासह बाकीचं सगळं मी चौकात परत घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "विकलेलं परत घेत नाही. जुनं म्हणून निम्म्या किमतीला घेईन." मी म्हणालो, "अहो, आठ दिवसांत जुनं कसं झालं?" तो म्हणाला, "तुमच्या हातात गेलं की झालं." बँकर्स डिस्काउंट याहून सोपं करून कुणी सांगितलं नसेल.

समीक्षकाने शेवटी निर्णय द्यावा अशी प्रथा आहे, म्हणून देतो. मी पाहिलेल्या पुस्तकांत अगदी टाकाऊ असं एकही नव्हतं. पण प्रश्न सोडवायला शिकवणारी पुस्तकं चौकभर मिळाली, प्रश्न सोडून द्यायला शिकवणारं एकही मिळालं नाही. आणि कॅट तर निम्मी तीच परीक्षा आहे. ती विद्या फक्त त्या शंभर पानी वहीत सापडते, आणि तिचा लेखक आपल्यालाच व्हावं लागतं. सोडायचं ते हातात पेपर आल्यावर, एक मिनिट विचार करून. घरून दही खाऊन निघाल्यावर सारसबागेत बसून सोडायचं नसतं. एवढा फरक कळायला मला वीस वर्षं लागली. पुस्तकाची परीक्षा म्हणाल तर ती वाचल्यानंतर, कडेवरून करावी. काळी कड शेवटपर्यंत गेली असेल तर कुठलंही पुस्तक चांगलं.

गेल्या रविवारी कन्या म्हणाली, "बाबा, आज नमुना परीक्षा आहे. तूपण बस माझ्याबरोबर." हिने दोघांच्या हातावर दही ठेवलं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. मध्ये पाण्याचा तांब्या आणि घड्याळ. दोन तास मी जागचा उठलो नाही. संपल्यावर तिने माझे गुण मोजले, पुन्हा मोजले, आणि उणे चिन्ह जरा बारीक काढलं.

गुण किती ते विचारू नका. पेपर मात्र या वेळी फुटला नव्हता.